तारापूरचे इंधन आणि बदलते मित्र

मुंबईच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरवर, पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्थानकापासून जवळच, समुद्राच्या काठी तारापूर अणुवीज केंद्र उभे आहे. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांना वीज देणारे हे देशातील पहिले अणुवीज केंद्र. परराष्ट्र धोरणाचा अभ्यास करणाऱ्याने दिल्लीतील संयुक्त निवेदने वाचावीतच. पण भारताचे जगाशी असलेले संबंध कसे बदलत गेले हे समजून घ्यायचे असेल, तर तारापूरच्या जुन्या दोन अणुभट्ट्यांना इंधन कोणी, केव्हा आणि कोणत्या अटीवर दिले, याची नोंद अधिक बोलकी ठरते. अमेरिका, फ्रान्स, चीन आणि रशिया या चार देशांनी आळीपाळीने या भट्ट्यांना इंधन पुरवले. त्यातील प्रत्येक बदलामागे जागतिक राजकारणाची एक कूस पालटलेली दिसते.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. त्यातील निम्मा बोजा रशियाकडून तेल घेतल्याबद्दलचा होता. त्यानंतर काही दिवसांतच पंतप्रधान नरेंद्र मोदी शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी चीनमधील तिआनजिन येथे गेले, आणि डिसेंबरमध्ये रशियाचे अध्यक्ष व्लादिमिर पुतिन दिल्लीत आले. 'भारत आता कोणत्या गोटात?' हा प्रश्न तेव्हा पुन्हा विचारला जाऊ लागला. हा प्रश्न नवा नाही, आणि त्याचे उत्तरही एका वर्षाच्या घडामोडींतून मिळणारे नाही. त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१९६३ : एकाच दुकानाशी बांधिलकी

भारत आणि अमेरिका यांच्यात तारापूरसंबंधीचा करार ऑगस्ट १९६३ मध्ये झाला. चीनशी झालेल्या युद्धाला वर्षही उलटलेले नव्हते. अलिप्ततेचे धोरण कायम असले, तरी त्या युद्धकाळात भारताने अमेरिकेची मदत घेतली होती आणि दोन्ही देशांत जवळीक निर्माण झाली होती. डॉ. होमी भाभा यांना अणुवीज लवकर आणि व्यापारी तत्त्वावर शक्य आहे हे दाखवून द्यायचे होते. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने दोन अणुभट्ट्या बांधून चालत्या स्थितीत द्याव्यात, अमेरिकी सरकारने सवलतीचे कर्ज द्यावे आणि करार ३० वर्षांचा असावा, असे ठरले. ऑक्टोबर १९६९ मध्ये केंद्रातून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली.

या भट्ट्यांचे एक वैशिष्ट्य पुढच्या सर्व इतिहासाच्या मुळाशी आहे. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये विखंडनक्षम युरेनियम-२३५ चे प्रमाण अवघे ०.७ टक्के असते. तारापूरच्या भट्ट्यांना ते प्रमाण कृत्रिमरीत्या वाढवलेले, म्हणजे समृद्ध केलेले युरेनियम लागते. हे तंत्रज्ञान त्या काळी मोजक्याच देशांकडे होते आणि भारताकडे ते नव्हते. कराराने अमेरिकेने इंधन पुरवण्याचे बंधन स्वीकारले आणि भारताने या केंद्रात अमेरिकेचेच इंधन वापरण्याचे मान्य केले. हे इंधन आणि भट्ट्या आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली राहतील, हेही ठरले. म्हणजे एकाच दुकानातून, ३० वर्षे, एकच माल. दुकानदाराने शटर ओढले तर काय, याचे उत्तर करारात नव्हते.

याउलट राजस्थानातील रावतभाटा येथे कॅनडाच्या मदतीने घेतलेल्या जडपाण्याच्या भट्ट्यांना नैसर्गिक युरेनियम चालते. भारताने पुढे स्वतःच्या बळावर जो अणुवीज कार्यक्रम राबवला, तो मुख्यतः याच प्रकारच्या भट्ट्यांवर उभा राहिला. त्यामागे तांत्रिक कारणे होतीच. पण इंधनासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागू नये, हाही हेतू होता.

१९७४ ते १९८२ : कायदा बदलला, करार अडकला

१८ मे १९७४ रोजी भारताने पोखरण येथे पहिली अणुचाचणी केली. कॅनडाने सहकार्य थांबवले. अणुसामग्री विकणाऱ्या देशांनी एकत्र येऊन अणुपुरवठादार देशांचा गट स्थापन केला. अमेरिकेने तारापूरचे इंधन लगेच बंद केले नाही. ते रेंगाळत, नव्या नव्या शंका उपस्थित करत येत राहिले. मात्र मार्च १९७८ मध्ये अमेरिकेने अण्वस्त्र प्रसार रोखण्यासाठी नवा कायदा केला. ज्या देशाची सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली नाहीत, त्याला इंधन द्यायचे नाही, अशी त्याची अट होती. भारताने अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही केलेली नव्हती आणि ही अट मान्य करण्याची तयारीही नव्हती. भारताचे म्हणणे सरळ होते : १९६३ मध्ये झालेला करार १९७८ च्या कायद्याने मागाहून बदलता येत नाही.

या वादात जागतिक राजकारण कसे आडवे येते, हे १९८० मध्ये दिसले. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या होत्या. भारताला आणखी दुखावू नये, असा विचार करून अध्यक्ष जिमी कार्टर यांनी तारापूरसाठी ३८ टन इंधन पाठवण्याचा निर्णय घेतला. त्यांच्याच देशातील अणुनियामक आयोगाने त्याला एकमताने विरोध केला होता. प्रतिनिधिगृहानेही विरोधात मत दिले. सेनेटने मात्र ४८ विरुद्ध ४६ अशा दोन मतांच्या फरकाने कार्टर यांचा निर्णय तारला. बोईसरजवळच्या एका वीज केंद्राचे भवितव्य वॉशिंग्टनमधील दोन मतांवर लोंबकळत होते. ज्या अध्यक्षांनी १९७८ च्या कायद्यावर सही केली, त्यांनाच दोन वर्षांत त्यातून वाट काढावी लागली, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

जुलै १९८२ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी अमेरिकेचा दौरा केला. अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्याशी झालेल्या चर्चेतून तडजोड निघाली. करार मोडला असे कोणी म्हणायचे नाही. अमेरिकेऐवजी फ्रान्सने इंधन द्यावे. अमेरिकेचा कायदा अबाधित राहिला, भारताची भूमिकाही अबाधित राहिली आणि तारापूरची वीज चालू राहिली.

१९९३ ते २००६ : चीन आणि रशिया

१९९३ मध्ये मूळ कराराची ३० वर्षे संपली. दरम्यान सोव्हिएत संघ कोसळला होता. १९९२ मध्ये अणुपुरवठादार गटाने अमेरिकेची अट आपलीशी केली : सर्व केंद्रे देखरेखीखाली असल्याशिवाय नवा पुरवठा नाही. फ्रान्सचा मार्ग बंद झाला.

तेव्हा इंधन आले ते चीनकडून. १९६२ च्या युद्धानंतर तीन दशकांनी, सीमाप्रश्न सुटलेला नसताना, चीनने तारापूरसाठी समृद्ध युरेनियम देऊ केले आणि १९९५ मध्ये ते पोहोचले. चीन तेव्हा अणुपुरवठादार गटाचा सदस्य नव्हता, तो २००४ मध्ये झाला. त्यामुळे त्याला त्या गटाची बंदी लागू नव्हती. याच चीनने २०१६ मध्ये भारताच्या याच गटातील प्रवेशाला सोल येथील बैठकीत अडथळा केला. इंधन देणारा आणि दार अडवणारा देश एकच. मैत्री किंवा शत्रुत्व अशा एका शब्दात देशांचे वर्णन करणाऱ्यांनी हा तपशील ध्यानात ठेवावा.

मे १९९८ मधील अणुचाचण्यांनंतर पुन्हा निर्बंध आले. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचे नाव अमेरिकेच्या निर्बंधित संस्थांच्या यादीत गेले. त्यानंतर तारापूरच्या मदतीला रशिया आला. भट्ट्यांच्या सुरक्षेसाठी अपवाद करण्याची गटाच्या नियमांत सोय होती. तिचा आधार घेऊन रशियाने २००१ मध्ये इंधन पाठवले. अमेरिकेसह बहुतेक सदस्यांनी त्याला हरकत घेतली. २००६ मध्ये रशियाने पुन्हा तेच केले.

या काळात आपले शास्त्रज्ञ हातावर हात ठेवून बसले नव्हते. भाभा अणुसंशोधन केंद्राने प्लुटोनियम मिसळलेल्या मिश्र ऑक्साइड इंधनाच्या काही जुड्या तयार करून तारापूरच्या भट्टीत वापरून पाहिल्या. वापरून झालेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करण्याचा आपला हक्क अमेरिका मान्य करीत नव्हती. त्यामुळे ते इंधन तारापूरच्या आवारातच साठत गेले.

२००५ ते २००८ : अणुकरार आणि सरकारची कसोटी

१८ जुलै २००५ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी वॉशिंग्टनमध्ये संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. भारताने नागरी आणि लष्करी अणुकेंद्रे वेगळी करावीत, नागरी केंद्रे देखरेखीखाली आणावीत; त्या बदल्यात अमेरिकेने आपला कायदा बदलावा आणि अणुपुरवठादार गटाकडून भारतासाठी सूट मिळवावी, असा हा सौदा होता. चीनचा वाढता प्रभाव, भारताची वाढती बाजारपेठ आणि शीतयुद्धोत्तर नवी मांडणी ही अमेरिकेची कारणे होती. भारताचे कारण अधिक तातडीचे होते. देशांतर्गत युरेनियम अपुरे पडत होते आणि २००७-०८ मध्ये अनेक अणुभट्ट्या निम्म्या क्षमतेच्या आसपास चालवाव्या लागत होत्या.

मार्च २००६ मधील विभागणी योजनेनुसार २२ पैकी १४ भट्ट्या देखरेखीखाली आणायचे ठरले. शीघ्र प्रजनक भट्ट्या नागरी यादीत टाकण्यास अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी जाहीर विरोध केला आणि त्या बाहेरच राहिल्या. या विभागणीचे चित्र तारापुरात एकाच कुंपणाच्या आत पाहायला मिळते. क्रमांक एक आणि दोनच्या अमेरिकी बनावटीच्या भट्ट्या देखरेखीखाली आणि परदेशी इंधनावर. तीन आणि चार क्रमांकाच्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या देशी भट्ट्या देखरेखीबाहेर आणि देशी युरेनियमवर.

तारापूरचा अनुभव करार घडवणाऱ्यांच्या मनात किती खोल रुतला होता, हे कराराच्या मजकुरात दिसते. इंधनाचा साठा करून ठेवण्यास अमेरिका साहाय्य करील. पुरवठ्यात खंड पडल्यास रशिया, फ्रान्स आणि ब्रिटन यांसारख्या मित्रदेशांना सोबत घेऊन तो पूर्ववत करण्याचा प्रयत्न होईल, अशी कलमे भारताने आग्रहाने घालून घेतली. १९६३ मध्ये जे लिहायचे राहिले होते, ते २००७ मध्ये लिहिले गेले.

देशात मात्र वादळ उठले. अमेरिकी काँग्रेसने डिसेंबर २००६ मध्ये केलेल्या हाइड कायद्यातील अटींमुळे आपले परराष्ट्र धोरण अमेरिकेच्या दावणीला बांधले जाईल, असा डाव्या पक्षांचा आक्षेप होता. भाजपचा मुख्य आक्षेप अणुचाचण्यांचा अधिकार गमावला जाण्याविषयी होता. अमेरिकेशी धोरणात्मक भागीदारीची पावले वाजपेयी सरकारच्या काळातच पडली असली, तरी कराराला त्या पक्षाने विरोध केला. ८ जुलै २००८ रोजी डाव्या पक्षांनी संयुक्त पुरोगामी आघाडी सरकारचा पाठिंबा काढून घेतला. समाजवादी पक्ष सरकारच्या मदतीला धावला. २२ जुलै रोजी लोकसभेत नोटांची पुडकी फडकावली गेली, त्या गदारोळात विश्वासदर्शक ठराव २७५ विरुद्ध २५६ मतांनी मंजूर झाला. दुसऱ्याच दिवशी मार्क्सवादी पक्षाने लोकसभाध्यक्ष सोमनाथ चटर्जी यांची पक्षातून हकालपट्टी केली. परराष्ट्र धोरणाच्या प्रश्नावर केंद्र सरकारने आपले अस्तित्व पणाला लावल्याचे असे उदाहरण आपल्याकडे विरळाच. २००४ मध्ये सुमारे ६० जागा मिळवणारे डावे पक्ष २००९ च्या निवडणुकीत २४ जागांवर आले; त्यामागे इतरही कारणे होती, पण दिल्लीच्या सत्तेतील त्यांचे निर्णायक स्थान याच प्रकरणात गेले.

६ सप्टेंबर २००८ रोजी व्हिएन्ना येथे ४५ देशांच्या अणुपुरवठादार गटाने भारताला सूट दिली. ऑस्ट्रिया, आयर्लंड, न्यूझीलंड यांसारख्या देशांनी शेवटपर्यंत शंका घेतल्या. आदल्या दिवशी परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी यांनी अणुचाचण्यांवरील स्वेच्छाबंदीचा पुनरुच्चार केला आणि कोंडी फुटली. १० ऑक्टोबर रोजी मुखर्जी आणि अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस यांनी करारावर सह्या केल्या.

दार उघडले अमेरिकेने, आत आले इतर

यानंतर जे घडले ते समर्थक आणि विरोधक या दोघांच्याही अंदाजापेक्षा वेगळे होते. अमेरिकेच्या आधीच, ३० सप्टेंबर २००८ रोजी, फ्रान्सने भारताशी सहकार्य करार केला. डिसेंबरात रशियाने कुडनकुलम येथे आणखी भट्ट्या उभारण्याचा करार केला. फ्रान्सची अरेवा, रशियाची त्वेल आणि कझाकस्तानची कझाटोमप्रोम या कंपन्यांशी युरेनियम खरेदीचे करार झाले. १९७४ मध्ये पाठ फिरवणाऱ्या कॅनडाने २०१० मध्ये करार केला आणि २०१५ मध्ये युरेनियम देण्याचे मान्य केले. प्रसारबंदीबाबत कडक भूमिका घेणाऱ्या ऑस्ट्रेलियाने २०१४ मध्ये करारावर सही केली. कॅनडाशी संबंध सप्टेंबर २०२३ मध्ये निज्जर हत्या प्रकरणावरून टोकाला गेले आणि २०२५ मध्ये दोन्ही देशांनी पुन्हा उच्चायुक्त नेमण्याचे ठरवले, तेव्हा भारत युरेनियमसाठी एकट्या कॅनडावर विसंबून नव्हता, ही बाब बरीच महत्त्वाची होती.

आणि अमेरिका? आज इतक्या वर्षांनंतरही कराराखालील एकही अमेरिकी अणुभट्टी भारतात उभी राहिलेली नाही. जून २०१० मध्ये भोपाळ वायुदुर्घटनेचा निकाल लागला आणि शिक्षा किरकोळ असल्याची संतप्त भावना देशभर उमटली. त्याच वर्षी संसदेने अणुदुर्घटनेच्या नुकसानभरपाईचा कायदा केला. सदोष सामग्री पुरवल्यास पुरवठादाराकडूनही भरपाई वसूल करण्याची तरतूद त्यात होती. अमेरिकी कंपन्या बिचकल्या. वेस्टिंगहाउस कंपनीने तर २०१७ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. करार करून भारत अमेरिकेचा अंकित होईल, ही भीती खरी ठरली नाही. आणि कराराने अणुविजेचा सुकाळ होईल, ही आशाही नाही. २००८ मध्ये देशाची अणुवीज क्षमता ४ हजार मेगावॉटच्या थोडी वर होती. २०२५ मध्ये ती पावणेनऊ हजारांच्या घरात पोहोचली. २०२० पर्यंत २० हजार मेगावॉटची स्वप्ने दाखवली गेली होती, हे विसरता येणार नाही.

कोकणाचा हिशेब

आंतरराष्ट्रीय सौद्यांची किंमत कोणाला मोजावी लागते, हेही महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. तारापूरच्या तीन आणि चार क्रमांकाच्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली आणि पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष निकोलस सार्कोझी यांच्या दौऱ्यात रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर प्रकल्पाचा करार झाला. प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्यांचा हा प्रकल्प जगातील सर्वात मोठ्या अणुवीज केंद्रांत गणला गेला असता. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा येथे दुर्घटना झाली. एप्रिलमध्ये जैतापूर परिसरातील आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात एकाचा मृत्यू झाला. माडबनच्या शेतकऱ्यांनी आणि साखरी नाट्याच्या मच्छीमारांनी विचारलेले प्रश्न जमिनीचे, माशांचे आणि सुरक्षेचे होते. फ्रान्सशी मैत्री दृढ करण्याच्या निवेदनांत त्यांची उत्तरे नव्हती. पुढे अरेवाचा अणुभट्टी व्यवसाय फ्रान्सच्याच ईडीएफ कंपनीकडे गेला, २०२१ मध्ये नवा प्रस्ताव आला. भट्ट्या मात्र कागदावरच राहिल्या.

नवी पाने

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने भाभा अणुसंशोधन केंद्रासह तीन भारतीय संस्थांची नावे निर्बंधित यादीतून काढली. मार्चमध्ये होल्टेक या अमेरिकी कंपनीला छोट्या अणुभट्ट्यांचे तंत्रज्ञान भारतीय कंपन्यांना देण्याची परवानगी मिळाली. या कंपनीचे आशियातील कार्यालय पुण्यात आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ५० टक्के शुल्कही आले. म्हणजे एकाच वर्षात अमेरिकेचा एक हात पुढे आला आणि दुसरा उगारलेला होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' या नावाने ओळखले जाणारे विधेयक मंजूर केले. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा भरपाईचा कायदा या दोहोंची जागा त्याने घेतली आणि अणुवीज क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले. पुरवठादाराला जबाबदार धरणारी जुनी तरतूद त्यात ठेवलेली नाही, यावर विरोधी पक्षांनी आक्षेप घेतला. २०४७ पर्यंत १०० गिगावॉटचे उद्दिष्ट सरकारने ठेवले आहे. त्यासाठी लागणारे बरेचसे युरेनियम बाहेरूनच आणावे लागेल.

तारापूरच्या दोन जुन्या भट्ट्या अर्धशतकाच्या सेवेनंतर २०२० मध्ये नूतनीकरणासाठी थांबवण्यात आल्या. त्यांच्या इतिहासातून एक व्यवहारी धडा मिळतो. अमेरिकेने शब्द फिरवला तो द्वेषापोटी नव्हे, तर तेथील कायदेमंडळाचे मत बदलले म्हणून. चीनने इंधन दिले ते प्रेमापोटी नव्हे. त्या वेळी त्याच्यावर बंधन नव्हते म्हणून. रशियाने अपवाद शोधला, कारण त्यालाही ग्राहक हवा होता. प्रत्येक देशाचे घर त्याच्या अंतर्गत राजकारणावर चालते. आपलेही २००८ मध्ये आणि २०१० मध्ये तसेच चालले. म्हणून कोणता देश मित्र आहे यापेक्षा, तो उद्या फिरला तर आपल्याकडे दुसरा कोण आहे आणि घरात किती दिवसांचा साठा आहे, हे प्रश्न अधिक उपयोगाचे. १९६३ मध्ये एकाच पुरवठादाराशी बांधलेला देश आज अनेकांकडून युरेनियम घेतो, ही त्या अनुभवाची कमाई आहे. नव्या कायद्याखाली परदेशी कंपन्यांशी नवे करार होतील, तेव्हा इंधनाच्या हमीइतकीच काळजी अक्करपट्टी, पोफरण आणि माडबनच्या प्रश्नांची घेतली जाते की नाही, याकडे महाराष्ट्राने लक्ष ठेवले पाहिजे.